बॉम्ब पडल्यावर नक्की काय होतं? हे मोजणारे शास्त्रज्ञ आणि उलटा वाचला गेलेला एक अहवाल

इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर तुम्ही ते चित्र नक्की पाहिलं असेल. विमानाची आकृती आणि तिच्यावर लाल ठिपके. खाली लिहिलेलं असतं की दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांना जिथे गोळ्या लागल्या होत्या तिथे नाही, तर जिथे लागल्या नव्हत्या तिथे पत्रा जाड करा, असं एका गणितज्ञाने सांगितलं. कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नव्हती. या गणितज्ञाचं नाव अब्राहम वाल्ड. गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे. चित्र मात्र त्या काळातलं नाही, ते अलीकडे कुणीतरी समजावून सांगण्यासाठी काढलंय. (आणि एक गोष्ट त्या पोस्टमध्ये सहसा नसते. वाल्ड यांचा शेवट भारतात झाला. डिसेंबर १९५० मध्ये ते व्याख्यानांसाठी इथे आले होते आणि निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात गेले.)

वाल्डची गोष्ट व्हायरल होते, कारण ती छान संपते. हुशार माणूस आकडे नीट वाचतो, सैन्य त्याचं ऐकतं, वैमानिकांचे जीव वाचतात.

आजची गोष्ट त्याच युद्धातली आहे, पण ती विमानातल्या नाही, विमानाखालच्या माणसांची आहे. बॉम्ब पडला की घराचं, फुप्फुसाचं, कारखान्याचं आणि माणसाच्या मनाचं काय होतं, हे मोजणाऱ्या संशोधनाची. इथेही हुशार माणसांनी आकडे गोळा केले आणि त्यांचा अर्थही बरोबर लावला. पण ज्यांच्या हातात निर्णय होता, त्यांनी त्यातून भलतंच काढलं.

सहा लाख मृत्यूंचा अंदाज

आधी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात जर्मन विमानांनी आणि झेपेलिन फुग्यांनी ब्रिटनवर बॉम्ब टाकले. पूर्ण युद्धात त्यात सुमारे १४०० माणसं मेली. खंदकांमध्ये लाखोंनी सैनिक मरत असताना हा आकडा छोटा वाटेल. पण १३ जून १९१७ ला भरदिवसा लंडनवर झालेल्या एकाच हल्ल्यात १६२ जण गेले आणि तो दिवस सरकारच्या डोक्यातून पुढची वीस वर्षं गेला नाही.

या थोड्याशा हल्ल्यांच्या अनुभवावरून ब्रिटिश नियोजनकर्त्यांनी एक सूत्र बसवलं: एक टन बॉम्ब पडला की ५० माणसं मेलेली किंवा जखमी. मग जर्मनीकडे किती विमानं असतील, ती रोज किती टन टाकतील, याचा अंदाज आणि गुणाकार. १९३७ मध्ये उत्तर आलं की ६० दिवसांच्या हल्ल्यात ६ लाख मृत्यू आणि १२ लाख जखमी. मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाने तर सांगितलं की शरीराने जखमी होणाऱ्यांपेक्षा मनाने कोसळणारे तिपटीने जास्त असतील.

सरकारने हे आकडे गांभीर्याने घेतले. कोट्यवधी गॅस मास्क वाटले गेले, दवाखान्यांत खाटा रिकाम्या करून ठेवल्या गेल्या. एप्रिल १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या पाच महिने आधी, स्थानिक प्रशासनांकडे दफनासाठीचे १० लाख फॉर्म पाठवले गेले होते.

प्रत्यक्षात काय झालं? पूर्ण युद्धात, सहा वर्षांत, ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत सुमारे ६० हजार नागरिक मेले. भयंकरच. पण अंदाजाच्या एक दशांश. आणि मनोरुग्णांचा जो लोंढा येणार होता, तो आलाच नाही.

माकडांचा अभ्यासक आणि स्फोटाची लाट

म्हणजे बॉम्ब नक्की काय करतो हे युद्धाच्या सुरुवातीला कुणालाच नीट माहीत नव्हतं. हे शोधायची जबाबदारी ब्रिटनच्या गृहसुरक्षा मंत्रालयाच्या 'संशोधन आणि प्रयोग विभागा'कडे आली. लंडनपासून थोडं दूर, प्रिन्सेस रिझबरो नावाच्या छोट्या गावात, लाकडावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या इमारतीत त्याचं काम चालायचं.

इथल्या दोन माणसांची नावं लक्षात ठेवा. एक जे. डी. बर्नाल, स्फटिकांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि पक्के कम्युनिस्ट. दुसरे सॉली झुकरमन. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, ऑक्सफर्डमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणारे. तोवर त्यांची ओळख होती ती माकडांच्या आणि वानरांच्या सामाजिक आयुष्यावर पुस्तक लिहिणारे संशोधक म्हणून. बॉम्बशी संबंध शून्य.

झुकरमन यांच्यासमोरचा पहिला प्रश्न साधा होता आणि भीतिदायकही. स्फोटानंतर काही मृतदेह असे सापडायचे की अंगावर ओरखडासुद्धा नाही. तेव्हा समज असा होता की स्फोटाची हवा तोंडावाटे, नाकावाटे आत शिरते आणि फुप्फुसं फाडते. खरं काय ते पाहण्यासाठी झुकरमन यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. काही सशांच्या छातीभोवती जाड स्पंज रबराचं जाकीट घातलं आणि त्यांना स्फोटाजवळ ठेवलं. जाकीटवाल्या सशांच्या फुप्फुसांना इजा कमी झाली. तोंड तर उघडंच होतं, म्हणजे हवा आत जाण्याचा प्रश्न नव्हता. दाबाची लाट थेट छातीच्या भिंतीवर आदळत होती. (वाचायला हे प्रयोग त्रासदायक आहेत. त्या काळात त्यावर फारसं कुणी थांबलं नाही.)

त्यातून एक मोठी गोष्ट कळली. माणसाचं शरीर स्फोटाचा दाब वाटलं होतं त्यापेक्षा बराच सहन करतं. विटांची भिंत तेवढा करत नाही. म्हणजे बहुतेक माणसं स्फोटाच्या लाटेने मरत नव्हती. ती मरत होती अंगावर कोसळणाऱ्या घराने, उडणाऱ्या तुकड्यांनी, काचांनी.

हे एकदा कळल्यावर उपाय बदलतो. स्फोटापासून वाचवायचं नसून छतापासून वाचवायचं आहे, मग प्रत्येकाला जमिनीखाली खोल बंकर कशाला हवा? जॉन बेकर नावाच्या इंजिनीयरने पोलादी टेबलासारखा एक पिंजरा बनवला. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, बाजूंना जाळी. घरातच ठेवायचा, दिवसा त्यावर जेवायचं, रात्री त्याच्या आत झोपायचं. गंमत अशी की हा पिंजरा अभेद्य नव्हता. छप्पर पडलं की त्याचं पोलाद वाकायचं, आणि वाकता वाकता पडणाऱ्या वजनाची ताकद स्वतःत जिरवायचं. मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्या नावावरून त्याला 'मॉरिसन शेल्टर' म्हणू लागले. पाच लाखांहून जास्त वाटले गेले.

आणि मग विभागाने तेही मोजलं. जबर पडझड झालेल्या ४४ घरांची पाहणी केली. त्यांतल्या पिंजऱ्यांमध्ये मिळून १३६ माणसं होती. मेली तीन, गंभीर जखमी झाली १३. बाकी १२० जण त्या ढिगाऱ्यांतून मोठ्या दुखापतीशिवाय बाहेर आले.

माझ्या मते या पूर्ण कथेतला सगळ्यात चांगला आकडा हाच आहे. पुढचे आकडे वेगळ्या वळणाने जातात.

प्रत्येक बॉम्बची नोंद

सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रोज रात्री हल्ले सुरू झाले. यालाच ब्लिट्झ म्हणतात. त्याच महिन्यात विभागाने एक अचाट काम हाती घेतलं, बॉम्बची जनगणना. आपल्याकडे घरोघरी जाऊन माणसं मोजतात तशी इथे बॉम्ब मोजायचे. आधी लंडन, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल, नंतर पूर्ण देश. बॉम्ब कुठे पडला, किती वाजता, कोणत्या जातीचा, खड्डा केवढा, आसपासच्या किती इमारती पडल्या, हे सगळं फॉर्मवर लिहायचं आणि नकाशावर खूण करायची. मेलेले कुठे होते? रस्त्यावर, घरात, जिन्याखाली की शेल्टरमध्ये? तेही.

ही माहिती गुप्त होती आणि तिचा गुप्तचर उपयोग उघड होता. शत्रू कोणती शस्त्रं वापरतोय, कशावर नेम धरतोय, काय नवीन आणलंय, हे खड्ड्यांवरून कळत होतं.

पण हळूहळू दुसरा प्रश्न पुढे आला. जर्मन बॉम्ब आपल्या शहरांचं काय करतो हे आपल्याला इतकं नेमकं कळलंय, तर आपला बॉम्ब त्यांच्या शहराचं काय करेल हेही काढता येईल की! मग विभागातच 'आरई-८' नावाची शाखा तयार झाली. काम तेच, दिशा उलटी. ब्रिटिश घरं कशी पडतात याच्या नोंदींवरून जर्मन घरं कशी पाडायची याचा हिशेब.

या उलट्या दिशेला एक निमित्त होतं. ब्रिटिश विमानं रात्री जर्मनीवर जायची आणि वैमानिक परत येऊन सांगायचे, लक्ष्यावर बॉम्ब टाकला. ऑगस्ट १९४१ मध्ये डी. एम. बट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून काढलेले सहाशेहून जास्त फोटो तपासले. निष्कर्ष वाचून हवाई दल हादरलं. लक्ष्यावर हल्ला केला असं ज्या विमानांनी नोंदवलं होतं, त्यांतलं तीनातलं फक्त एक लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर! धुरकट हवेच्या रुऱ औद्योगिक पट्ट्यात तर दहातलं एक.

म्हणजे रात्री कारखान्यावर नेम धरणं जवळजवळ अशक्य होतं. दिवसा गेलं तर विमानं पाडली जात होती. मग जे चुकणारच नाही एवढं मोठं लक्ष्य कोणतं? अख्खं शहर. १४ फेब्रुवारी १९४२ ला बॉम्बर कमांडला आदेश गेला की आता भर जर्मन नागरिकांच्या, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांच्या मनोधैर्यावर.

हल आणि बर्मिंगहॅम

आता प्रश्न उरला की बॉम्बने मनोधैर्य खरंच मोडतं का. याचं उत्तर जर्मनीत जाऊन मिळणार नव्हतं, पण ब्रिटनमध्ये मिळणार होतं. कारण ब्रिटिश शहरांनी हेच सोसलं होतं.

झुकरमन आणि बर्नाल यांच्या देखरेखीखाली दोन शहरांचा सखोल अभ्यास झाला. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर, हल हे बंदर. हलची गोष्ट थोडी सांगायला हवी. ब्रिटनमधल्या सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या शहरांपैकी हे एक. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे १२०० माणसं मेली आणि शंभरातल्या ९० हून जास्त घरांना काही ना काही नुकसान झालं. पण शत्रूला कळू नये म्हणून बातम्यांमध्ये शहराचं नावच यायचं नाही. 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर' एवढंच. तिथल्या लोकांच्या मनात ही सल पुढे कित्येक वर्षं राहिली.

या अभ्यासात काय नव्हतं? कारखान्यांची हजेरीपत्रकं, उत्पादनाचे आकडे, दवाखान्यांच्या नोंदी, शहर सोडून गेलेल्यांची मोजणी, कामगारांच्या मुलाखती. हलच्या शाळांमधल्या मुलांना निबंध लिहायला सांगितले गेले. विषय: हवाई हल्ल्यात माझं काय झालं आणि मी काय केलं. ते निबंध आजही झुकरमन यांच्या कागदपत्रांमध्ये जपून ठेवलेले आहेत. सरकारी गुप्त अभ्यासाचा पुरावा म्हणून शाळकरी पोरांचे निबंध. डेटा गोळा करण्याच्या इतक्या पद्धती कॉलेजात शिकले, पण ही कुणी शिकवली नव्हती.

अंतिम अहवाल ८ एप्रिल १९४२ चा आहे. त्याचं सार असं. दोन्हींपैकी एकाही शहरात घबराट पसरली नाही, ना एका हल्ल्याने ना ओळीने झालेल्या हल्ल्यांनी. भीती होती, चिंता होती, पण अशा परिस्थितीत जेवढी असायला हवी तेवढीच. शहरांच्या आरोग्यावर मोजता येईल असा परिणाम नव्हता. उत्पादन घटलं ते मुख्यतः कारखान्यांचंच नुकसान झालं म्हणून. बर्मिंगहॅममध्ये ही घट साधारण पाच टक्के होती.

साध्या शब्दांत, घरं पाडून शहर मोडत नाही.

चेरवेल यांचा गुणाकार

पण अहवाल यायच्या नऊ दिवस आधी, ३० मार्च १९४२ ला, पंतप्रधान चर्चिल यांच्या टेबलावर एक छोटं टिपण पोचलं होतं. लिहिणारे लॉर्ड चेरवेल, मूळ नाव फ्रेडरिक लिंडेमन. भौतिकशास्त्रज्ञ, चर्चिल यांचे जुने मित्र आणि विज्ञानाच्या बाबतीत त्यांचा उजवा हात. बट यांच्याकडून फोटोंचा अभ्यास करून घेणारेही तेच.

टिपणाचं गणित इतकं सोपं आहे की तुम्ही मोबाइलवर करून पाहू शकता. ब्रिटनमधल्या अभ्यासांनुसार वस्तीवर एक टन बॉम्ब पडला की २० ते ४० घरं पडतात आणि १०० ते २०० माणसं बेघर होतात. एक बॉम्बर पाडला जाण्याआधी सरासरी १४ फेऱ्या करतो, दर फेरीला ३ टन, म्हणजे आयुष्यभरात साधारण ४० टन. १९४३ च्या मध्यापर्यंत १० हजार बॉम्बर तयार होतील. त्यांच्यातला निम्मा माल जरी वस्त्यांवर पडला, तरी २ लाख टन. गुणिले १०० ते २०० माणसं, म्हणजे २ ते ४ कोटी बेघर. आणि लाखाच्या वर लोकवस्ती असलेल्या ५८ जर्मन शहरांमध्ये मिळून राहतात किती? २ कोटी २० लाख. जर्मनीची एक तृतीयांश लोकसंख्या.

हिशेब चोख बसला. मग चेरवेल यांनी पुढचं वाक्य जोडलं. त्याचा आशय असा की घर गेल्याचा धक्का माणसाला सगळ्यात जास्त बसतो, मित्र किंवा नातेवाईक गेल्यापेक्षाही जास्त. हलमध्ये एक दशांशच घरं पडली होती तरी लोकांवरचा ताण दिसत होता. जर्मनीच्या ५८ शहरांना आपण याच्या दसपट मार देऊ, मग तिथल्या लोकांची हिंमत टिकणार कशी?

लक्षात आलं? आकडे हल आणि बर्मिंगहॅमच्या अभ्यासातले. घरं किती पडतात हा भाग जसाच्या तसा घेतला. पण घरं पडल्यावर लोक काय करतात, ज्याच्यासाठी मुलांचे निबंध जमवले, मुलाखती घेतल्या, तो भाग उलटा झाला. झुकरमन आणि बर्नाल यांना हे टिपण तेव्हा दाखवलंही गेलं नव्हतं. बऱ्याच काळाने ते वाचायला मिळालं तेव्हा आपल्या कामातून नेमका विरुद्ध निष्कर्ष काढलेला पाहून झुकरमन चक्रावले.

विरोध झाला, पण आकड्यांवरून. रडारच्या कामामुळे नाव असलेले हेन्री टिझर्ड म्हणाले, नुकसानीचा अंदाज पाचपट फुगवलाय. नौदलासाठी काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट म्हणाले, सहापट. (हे पटीचे आकडे सी. पी. स्नो यांनी १९६० च्या व्याख्यानांत सांगितले आणि मग त्यावरून बराच वाद झाला. ब्लॅकेट यांना पुढे नोबेल मिळालं. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षण संशोधनासाठी सल्ला घेतला तो यांचाच.) दोघांचंही ऐकलं गेलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'चेरवेलच्या एका कागदामुळे जर्मनी जळाली' असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. तारखा पुन्हा बघा. आदेश फेब्रुवारीत निघाला होता, टिपण मार्चच्या शेवटी आलं. निर्णय आधी झाला होता, त्याला आकड्यांचा आधार नंतर मिळाला. माझ्या दृष्टीने हे जास्त गंभीर आहे.

पुढचं थोडक्यात. मे १९४२ च्या शेवटी कोलोनवर एका रात्रीत हजार विमानं गेली. जुलै १९४३ मध्ये हँबर्गमध्ये आगीचं वादळ उठलं, ३५ ते ४० हजार माणसं मेली. पूर्ण युद्धात हवाई हल्ल्यांत मेलेल्या जर्मन नागरिकांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून जास्त वैमानिक आणि कर्मचारी परत आले नाहीत.

वाळवंटातलं जर्मन गाव

स्फोटाच्या बॉम्बपेक्षा आग लावणारे बॉम्ब टनामागे जास्त नुकसान करतात, हेही ब्रिटिश नोंदींमधूनच पुढे आलं होतं. अमेरिकेने ते आणखी पुढे नेलं. १९४३ मध्ये युटाच्या वाळवंटात, डगवे इथल्या चाचणी मैदानावर, 'जर्मन गाव' आणि 'जपानी गाव' बांधलं गेलं. खरी घरं, खऱ्यासारखं लाकूड, आत पलंग, पडदे, कपाटं. जाळायची, विझवायची, पुन्हा बांधायची, पुन्हा जाळायची.

जर्मन घरांसाठी सल्ला दिला एरिक मेंडेलसोन यांनी, नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेले नावाजलेले ज्यू वास्तुविशारद. जपानी घरांचं काम अँटोनिन रेमंड यांच्याकडे होतं, ज्यांनी जपानमध्ये अनेक वर्षं घरं बांधली होती. रेमंड हे नाव वास्तुकला शिकणाऱ्यांना माहीत असेल. पुदुच्चेरीतल्या अरविंद आश्रमाची गोलकोंड ही देखणी इमारत त्यांचीच. माणसाला उकाड्यात शांत झोप लागावी म्हणून एकीकडे इतका विचार करणारा माणूस दुसरीकडे तातामी चटया किती वेळात पेटतात याच्या प्रयोगाला घरं बांधून देत होता. ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत जे झालं त्यात एक लाखाच्या आसपास माणसं मेली.

नशीब, दैव आणि ५७६ चौकोन

१३ जून १९४४ पासून लंडनवर व्ही-१ पडू लागले. हे बिनपायलटचे उडते बॉम्ब. लोकांची खात्री होती की ते काही ठरावीक भागांवरच पडतात. काही वस्त्यांवर पुन्हा पुन्हा, काहींवर एकही नाही. कुणी म्हणे तिथे हेर राहतात, म्हणून ते भाग सुटले.

आर. डी. क्लार्क नावाच्या विमा गणितज्ञाने हे तपासलं आणि १९४६ मध्ये छापलं. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा नकाशा घेतला, त्याचे ५७६ सारखे चौकोन केले, प्रत्येकात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण ५३७. बॉम्ब निव्वळ योगायोगाने पडत असतील, तर गणितानुसार सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवेत. राहिले २२९. एक बॉम्ब पडलेले २११ असायला हवेत, निघाले २११. दोन पडलेले ९९ अपेक्षित, निघाले ९३. एका चौकोनात सात पडले होते, तिथे राहणाऱ्यांना नेम धरलाय असंच वाटलं असणार. पण नव्हता. योगायोग समान वाटप करत नाही, तो असाच ढिगाऱ्या-ढिगाऱ्याने येतो. हे उदाहरण आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत असतं.

तेव्हा जर्मनीलाही तेच जाणून घ्यायचं होतं: आपले बॉम्ब पडतात कुठे? त्यांनी लंडनमधल्या आपल्या हेरांना विचारलं. अडचण एवढीच की ते हेर ब्रिटनसाठीच काम करत होते. शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी युक्ती सुचवली. लांब पडलेल्या बॉम्बच्या जागा कळवायच्या, पण वेळा मात्र जवळ पडलेल्यांच्या. जर्मनांना वाटेल की बॉम्ब पुढे जातायत, मग ते पल्ला कमी करतील आणि बॉम्ब मध्य लंडनऐवजी अलीकडे पडतील.

अलीकडे म्हणजे कुठे? दक्षिण लंडनवर. तिथेही माणसंच राहत होती. कोण मरावं हे सरकारने ठरवायचं का, हा प्रश्न मंत्रिमंडळापर्यंत गेला. गृहमंत्री मॉरिसन, ज्यांच्या नावाचे पिंजरे घराघरांत होते, त्यांना हे अजिबात पटलं नाही. तरी चकवा चालू राहिला.

यात एक गंमत आहे. काही व्ही-१ मध्ये जर्मनांनी रेडिओ बसवले होते आणि ते रेडिओ खरं सांगत होते की बॉम्ब अलीकडे पडतायत. जर्मन तुकडीच्या प्रमुखाने दोन्ही माहिती शेजारी ठेवली आणि ठरवलं की रेडिओच बिघडलेले असणार. हेरांवर विश्वास ठेवला.

शेवटची मोजणी

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेने आपलं बॉम्बहल्ला सर्वेक्षण सुरू केलं. हजाराहून जास्त माणसं कामाला लागली. त्यांत अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ होते, जे पुढे १९६१ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले. या पथकाने जर्मनीच्या शरणागतीच्या सुमारास हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर याची चौकशी केली, कारखान्यांची कागदपत्रं मिळवली.

आकडे असे. १९४२ च्या सुरुवातीचं जर्मन शस्त्र उत्पादन १०० धरलं, तर जुलै १९४४ मध्ये ते ३२२ होतं. शहरं जळत होती त्या दोन वर्षांत तिपटीहून जास्त. हल्ले झाले नसते तर ते आणखी वाढलं असतं, हा युक्तिवाद आजही इतिहासकार करतात आणि त्यात तथ्य आहे. शेवटी जर्मनीचं कंबरडं मोडलं ते तेलाच्या कारखान्यांवर आणि रेल्वेवर नेम धरल्यावर. मनोधैर्याचं काय? सर्वेक्षणात हजारो सामान्य जर्मन लोकांना विचारलं गेलं. लोक खचले होते, दमले होते, सरकारवरचा विश्वास उडाला होता. पण सकाळी उठून ते कामावर जात होते. हलच्या लोकांसारखेच.

झुकरमन काही शांततावादी नव्हते, हेही सांगून ठेवते. सिसिलीतल्या रेल्वेवरच्या हल्ल्यांचा अभ्यास करून त्यांनीच १९४४ मध्ये फ्रान्सच्या रेल्वेवर बॉम्ब टाकायची योजना पुढे रेटली. त्यात हजारो फ्रेंच नागरिक मरणार हे त्यांना माहीत होतं आणि ते मेले.

युद्धाच्या शेवटी ते कोलोन पाहायला गेले. इतकी वर्षं फॉर्म, नकाशे आणि टनांच्या हिशेबात दिसलेलं शहर आता समोर होतं. लंडनला परतल्यावर त्यांनी 'होरायझन' मासिकाच्या संपादकांना यावर लेख द्यायचं कबूल केलं. शीर्षकही ठरलं, विध्वंसाचा निसर्गेतिहास. माकडांवर लिहिणाऱ्या माणसाला शोभेल असंच. पण तो लेख त्यांनी कधीच लिहिला नाही. जे पाहिलं ते मांडायला आपल्यापेक्षा जास्त चांगली भाषा हवी होती, असं त्यांनी १९७८ च्या आत्मचरित्रात म्हटलं. पुढे जर्मन लेखक डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांच्या याच विषयावरच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीला हे शीर्षक मिळालं.

झेबाल्ड यांनी १९८० च्या दशकात झुकरमन यांना एकदा विचारलं होतं की त्या लेखात काय लिहिणार होतात. तोवर झुकरमन यांना तपशील आठवत नव्हते. आठवत होतं एवढंच: दगडाविटांच्या वाळवंटात काळंठिक्कर उभं असलेलं कॅथीड्रल आणि एका ढिगाऱ्यावर सापडलेलं तुटलेलं बोट.